सत्त्याण्णव, आणि वर थोडं

कणकुंबीच्या हायस्कुलात प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं.
त्यात तीन थर्मामीटर, तडा गेलेलं एक बीकर,
आणि स्पिरिटचा दिवा कधीच फुटलेला, म्हणून
रुक्माक्काच्या भात-आमटीच्या खोलीतून उसना आणलेला स्टो.

पुस्तकात होतं : पाणी शंभर अंशाला उकळते.
आमचं सत्त्याण्णववर बसलं, आणि वर थोडं.
वाफेनं घाडी सरांचा चष्मा आंधळा झाला.
"पंप मार," सर म्हणाले.
सातेरीनं मारला. पाणी बीकराबाहेर उड्या घ्यायला लागलं,
पारा जागचा हलेना.
दुसरा थर्मामीटर. तिथंच.
तिसरा, बेळगावच्या कॉलेजातून मागून आणलेला,
त्याच्याकडून आम्हाला फार आशा होती.
तोही तिथंच.

"पुस्तक बेंगळूरात छापलंय की," मागून कोण तरी बोललं.
"बेंगळूर तर आपल्याहून वर," सर पुटपुटले,
"तिथं ह्यांना शंभर कुठं गावलं?"

रुक्माक्का दाराला टेकून बघत होती.
"माझ्या माहेरी, खाली केरीला,
हरभरा बघता बघता मऊ हुतो.
इथं पाणी नुसतं नाचतंय.
इतकी वर्सं मी हरभऱ्यालाच शिव्या दिल्या."

शनिवारी शाळा सुटल्यावर इसाकच्या टेम्पोत बसलो,
कोबी आणि ढबू मिरचीच्या पोत्यांवर :
सर, सातेरी, मी, स्टो,
आणि मलप्रभेच्या कुंडातलं पाच लिटर पाणी.
पाणी एकच पाहिजे, सर म्हणाले,
नाहीतर भांडण पाण्याशी होतंय, उंचीशी नाही.

नाक्यावरच्या पोलिसानं कॅनवर काठी वाजवली.
"एनिदु?"
"नीरू."
त्यानं झाकण काढून वास घेतला. परत घेतला.
गोव्यातनं वर काय काय येतं हे त्याला पाठ होतं,
गोव्याला पाणी नेणारे त्याला पहिलेच भेटले.
हसत हसत त्यानं दांडा वर केला.

चोर्ल्याच्या माथ्यावर सत्त्याण्णव आणि थोडं.
वळणं संपेनात. अर्ध्या घाटात माझ्या कानात टक् झालं.
सातेरीच्याही.
"हाच तो दाब," सर म्हणाले, "कानाला आधी कळतो.
डोक्यावर हवेची चळत असते, गोधड्यांवर गोधड्या.
आपण वर ऱ्हातो, म्हणून चार गोधड्या कमी.
पाण्याला उठायला सोपं, ते फार न तापताच उठतं.
खाली ओझं जास्त. खाली त्याला पुरतं तापावं लागतं."
टेम्पो थांबवून, फरशीच्या आडोशाला, स्टो पेटवला :
साडेअठ्ठ्याण्णव, आणि वर किंचित.
इसाकला कोबीची काळजी. तरी तो वाकून बघत होता.

केरीत रुक्माक्काच्या भावाच्या अंगणात
घामानं शर्ट पाठीला चिकटलेले,
आणि पारा चढत चढत
शंभराच्या रेघेला टेकला.
कुणी काही बोललं नाही.
सातेरीनं वहीत आकडा लिहिला
आणि त्याच्याभोवती, कारण नसताना, चौकट काढली.

भावानं त्याच पाण्याचा चहा केला.
तरी दीडेक लिटर उरलं.
पूर्वेच्या समुद्राला जायचं होतं ते.
सरांनी इकडं तिकडं बघितलं,
कॅन माडाच्या बुंध्यात रिकामा केला
आणि म्हणाले, "हे कुठं सांगू नका रे.
आधीच पाण्यावरून कोर्टात चाललंय."

दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर खानापुरात तपासले गेले.
गाळलेल्या जागेत सातेरीनं शंभर लिहिलं, मार्क घेतला.
आता ती वास्कोला असते, फोनवर म्हणते,
इथं एक शिट्टी कमी लागते.
मी लिहिलं सत्त्याण्णव,
आणि पुढं, बारीक अक्षरात, जागा नव्हती तरी : कणकुंबीत.
पेपर परत आला.
तांबड्या शाईनं आकडा कापला होता.
'कणकुंबीत' तेवढं कापलं नव्हतं.